जेटच्या कॉकपिटमधला सागवानी जोड

शब्बीरभाईच्या हातात रॉकेलचा डबा होता आणि त्याचं झाकण उघडलेलं होतं. समोर बाभळीच्या झुडपांपाशी एका जेट विमानाचं तोंड पडलेलं. पंख नाहीत, इंजिन नाही, शेपूट नाही. नुसतं नाक आणि त्यामागे पायलटची बसायची जागा.

"थांबा! थांबा ना बाप्पा!" गोतमारे सायकल तशीच टाकून धावला.

मी मागून धापा टाकत पोचलो. नागपूरबाहेर हुडकेश्वरकडे तेव्हा शेतंच होती. त्या शेतांच्या कडेला शब्बीरभाईचं भंगाराचं आवार होतं. ही गोष्ट आणीबाणी उठल्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली. मी नागपुरातल्या एका तंत्रशिक्षण संस्थेत सुतारकामाचा इन्स्ट्रक्टर होतो. सगळे मला लांजेवार मास्तर म्हणत. गोतमारे आमच्याच संस्थेत स्टोअरकीपर. बुटीबोरीकडच्या शेतकरी घरातला माणूस. त्याआधी तो हवाई दलात एअरफ्रेम फिटर होता आणि सार्जंट म्हणून निवृत्त झाला होता. एअरफ्रेम म्हणजे इंजिन सोडून विमानाचा बाकी सगळा सांगाडा.

अर्ध्या तासापूर्वी तो माझ्या वर्कशॉपमध्ये घुसला होता. "मास्तर, चाला लवकर. माह्या विमानाले जाळून राहिले."

"विमान कसं जाळतील?"

"लाकडाचं हाय न थे."

मला वाटलं, ह्याचं काहीतरी बिनसलं. जेट विमान आणि लाकडाचं? पण ते खरंच होतं. व्हॅम्पायर नावाचं हे लढाऊ जेट. त्याचे पंख ॲल्युमिनियमचे, पण पायलट बसतो तो पुढचा भाग प्लायवुडचा. दोन पातळ प्लायवुडच्या मध्ये एकदम हलकं लाकूड भरायचं, सगळं गोंदाने चिकटवून साच्यावर वाकवायचं, वरून कापड आणि रंग. बाहेरून बघणाऱ्याला कळतही नाही. हवाई दलाने ही विमानं सेवेतून काढली, लिलाव झाले, आणि हे एक शब्बीरभाईकडे आलं. धातू त्याने कापून घेतला होता. उरलेल्या लाकडात बोल्ट, पट्ट्या, ब्रॅकेट अडकलेले. ते काढत बसण्यापेक्षा लाकूड जाळायचं आणि राखेतून धातू वेचायचा, हा त्या धंद्यातला साधा हिशेब.

"मास्टर, इस लकडी का मैं क्या करूं?" शब्बीरभाई म्हणाला. "दीमक लगेली है. चूल्हे के काम की भी नहीं."

गोतमारे त्या नाकाच्या बाजूला वाकून हाताने धूळ पुसत होता. खाली पुसट झालेला, त्याच्या ओळखीचा नंबर निघाला. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सहा वर्षं, मास्तर. सकाळी मी पाहून सही केल्याबिगर हे उडत नव्हतं. पायलट मले विचारायचा, गोतमारे, ठीक है? मी म्हणो, ठीक है साब. मग थो बसे."

मी सुतार आहे. मला विमानातलं काही कळत नव्हतं. पण मी वाकून आत पाहिलं. त्या वाकवलेल्या प्लायवुडची कारागिरी पाहिली. असं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मी शब्बीरभाईला म्हटलं, "सगळा धातू आम्ही काढून देतो. एक खिळा ठेवणार नाही. लाकूड आमचं."

"कितने दिन?"

"दोन."

त्याने डब्याचं झाकण लावलं.

दोन दिवस आम्ही संस्था सुटल्यावर तिथे जाऊन पाने फिरवले. तिसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याची बंडी मिळाली. जेट विमानाचं कॉकपिट बैलांनी ओढत आमच्या संस्थेच्या फाटकातून आत आलं.

प्रिन्सिपल मोहरील साहेब व्हरांड्यात उभेच होते. शिस्तीचे माणूस. टेबलावर टाचणी वाकडी पडलेली त्यांना चालत नसे.

"लांजेवार, हे काय आहे?"

"विमानाचं कॉकपिट, सर."

"ते मला दिसतंय. इथे का आहे?"

मी सांगितलं. ते बंडीभोवती एक चक्कर मारून आले. मग त्यांच्या चेहऱ्यात फरक पडला. दीड महिन्यावर आमचं वार्षिक प्रदर्शन होतं आणि उद्घाटनाला हवाई दलाचे एक विंग कमांडर येणार होते.

"प्रदर्शनापर्यंत तयार होईल?"

"होईल, सर," मी म्हणालो.

गोतमारे लाकडावर अंगठा दाबून पाहत होता. हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

कामाच्या पहिल्या दिवशी गोतमारेने एक जाड वही काढली. हवाई दलातल्या पद्धतीने त्याने जॉब कार्ड आखली होती. एका ओळीत काम. पुढे करणाऱ्याची सही. त्यापुढे तपासणाऱ्याची सही. "दोन सह्या झाल्या तं काम झालं," तो म्हणाला. "एक सही म्हंजे काम बाकी हाय." मला गंमत वाटली. मी वीस वर्षं शिकवत होतो. माझं काम तपासणारा आजवर कोणी नव्हता.

आम्ही कुजलेलं कापड सोललं. मग मी टोच्या घेऊन लाकूड टोचत निघालो. निरोगी लाकडात टोच्या अडतो, कुजलेल्यात लोण्यासारखा जातो. बाजू बऱ्या निघाल्या. नाकाखाली दोन वितींचा भाग गेला होता, तो मी कापून काढला. खरी गडबड बल्कहेडला होती. बल्कहेड म्हणजे सीटच्या मागची उभी आडभिंत. पायलटची सीट तिच्यावरच बोल्टने अडकवलेली असते. पायलटचं सगळं वजन ती भिंत घेते. तिचा खालचा एक तृतीयांश भाग उधईने, म्हणजे वाळवीने, पोखरलेला होता. हाताने दाबलं की भुगा पडायचा.

मी ठरवलं, इथे सागवान घालायचं. माझ्याकडे बल्लारशाच्या जुन्या सागवानाच्या फळ्या होत्या. वर्षानुवर्षं जपलेल्या. त्या मी मोठ्या मनाने काढल्या.

गोतमारेने फळी उचलून पाहिली. "मास्तर, हे जड हाय."

"मजबूत आहे."

"ते बरोबर हाय. पण मूळचं लाकूड हलकं होतं. त्यात काटेसावर लावा. थेच चालते."

मी हसलो. काटेसावरीचं लाकूड आगपेटीच्या काड्यांना वापरतात, खोक्यांना वापरतात. "गोतमारे, ह्याच्यात माणूस बसणार आहे. आगपेटीच्या लाकडावर माणूस बसवू?"

"सागवानात तेल असते म्हणते. आमच्याकडे एक इन्स्पेक्टर सांगे. गोंद धरत नाही."

"मी सागवान किती वर्षं जोडतो आहे?"

त्याने फळी खाली ठेवली. खरी गोष्ट अशी, की मी सागवान जोडायचो ते खुंट्या ठोकून, एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून आणि स्क्रूने. दारं, खिडक्या, खुर्च्या. नुसत्या गोंदाच्या भरवशावर सागवानाचा जोड मी कधी केलाच नव्हता. पण विमानात खुंट्या ठोकता येत नाहीत, तिथे स्कार्फ करावा लागतो. म्हणजे दोन तुकड्यांची टोकं लांब तिरपी तासायची, एकावर एक चढवायची आणि गोंदाने चिकटवायची. उतार जितका लांब, तितका जोड भक्कम. गोतमारेने एकास बारा सांगितलं होतं, म्हणजे एक इंच जाडीला बारा इंच उतार. वेळ कमी होता. मी एकास सहा केलं. रेझिनचा गोंद लावला, शिकंजे आवळले. दुसऱ्या दिवशी शिकंजे काढले. जोड इतका सफाईदार दिसत होता की नखसुद्धा अडकत नव्हतं.

मी सही केली. वही गोतमारेकडे सरकवली.

"सीट लावून वाळूची पोती ठेवू," तो म्हणाला. "दोन माणसांचं वजन. दोन दिवस. मग करतो सही."

"प्रदर्शन परवा आहे."

"तं मग मी सही नाही करत."

मी मोहरील साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "लांजेवार, तुम्ही इन्स्ट्रक्टर आहात. तो स्टोअरकीपर आहे. तुम्ही म्हणता ठीक आहे ना? मग झालं." मी म्हटलं, ठीक आहे. मूळची सीट धातूबरोबर शब्बीरभाईकडे गेली होती, म्हणून लाकडाची एक सीट वर्कशॉपमध्येच केली होती. सीट बसवली. रंग दिला. डायलच्या जागी आमच्या ड्रॉइंगच्या पाठक बाईंनी पुठ्ठ्यावर डायल रंगवून दिले. इतके हुबेहूब की काटे आता हलतील असं वाटावं.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल भरलेला होता. विंग कमांडर साहेब उंच, पन्नाशीकडे झुकलेले. फीत कापली, इकडे तिकडे पाहिलं, आणि कॉकपिट दिसल्यावर बोलत बोलत थांबले. मोहरील साहेबांचं भाषण चालू होतं. ते ऐकायचं सोडून ते सरळ त्याच्याकडे गेले.

"इसको मैंने उड़ाया है," ते कोणाला तरी म्हणाले. बहुधा स्वतःलाच. "ये नहीं, ऐसा ही."

शिडी लावली होती. ते चढले, पाय आत टाकला आणि सीटमध्ये उतरले. मी जवळच उभा होतो. त्यांचा डावा हात न बघता बरोबर थ्रॉटलच्या जागी गेला. तिथे थ्रॉटल नव्हता, शब्बीरभाईने कधीच काढून घेतला होता. तरी ती बोटं तिथे जाऊन मिटली. त्यांनी डोळे मिटून मान मागे टेकवली.

तेवढ्यात कडाड असा आवाज झाला.

सीट एका बाजूने खाली बसली. साहेब पुढे आपटले. पॅनेलच्या धारेने त्यांचा गुडघा फाटला आणि पँटवर रक्त दिसलं. चार-पाच जण धावले. आम्ही त्यांना बाहेर काढलं.

"कुछ नहीं हुआ भाई," ते रुमाल बांधत म्हणाले. "अच्छा हुआ, ज़मीन पर थे."

लोक हसले. मला हसू आलं नाही. गोतमारेलाही नाही.

गुडघ्याला चार टाके पडले. संध्याकाळी मोहरील साहेबांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. ते उभे होते. आम्हालाही उभंच ठेवलं.

"कुजकं लाकूड! भंगारातून उचलून आणलेलं कुजकं लाकूड! कोणाची कल्पना होती ही? गोतमारे, तुमची ना? संस्थेची अब्रू गेली. सोमवारी ते परत त्या भंगारवाल्याकडे जाईल. आणि तुम्ही माझ्याकडे लेखी खुलासा द्या."

गोतमारे "जी साहेब" म्हणाला. एवढंच.

मी त्याच्या शेजारी उभा होतो. मला बोलायचं होतं. पण माझं नाव कोणी घेतलंच नव्हतं. मी ते तसंच राहू दिलं.

सगळे गेल्यावर मी हॉलमध्ये जाऊन बल्कहेड पाहिलं. इथे एक गोष्ट समजून घ्या. लाकूड कुजकं असेल आणि मोडलं, तर मोडलेल्या जागी भुगा आणि फाटलेले तंतू दिसतात. जोड चांगला असेल आणि भार जास्त झाला, तरी लाकूडच फाटतं, गोंद सुटत नाही. इथे तंतू एकही नव्हता. जुन्या प्लायवुडवर माझा गोंद जसाच्या तसा, काचेसारखा चकचकत होता. सागवानाची बाजू कोरडी आणि स्वच्छ, जणू तिला गोंद लागलाच नव्हता. जुनं लाकूड शाबूत होतं. सुटला होता तो फक्त माझा जोड.

घरी गेलो. जेवताना बायकोला सांगितलं. तिचं नाव सुमन. ती ताटात भाकर वाढता वाढता थांबली.

"मग तुमी बोलले काहून नाही तिथं?"

"कसं बोलू? वीस वर्षं झाली मला."

"त्या माणसाले पण पोटपाणी हाय. आधी त्याच्याकडे जा. भाकर मी झाकून ठेवते."

गोतमारेचं घर सक्करदऱ्याला, तळ्याच्या अलीकडे. तो अंगणात कागद घेऊन खुलासा लिहीत बसला होता. मी सायकल भिंतीला लावली.

"गोतमारे, जोड माझा सुटला. लाकूड नाही मोडलं."

"हाव. पाह्यलं मी."

"कधी?"

"साहेबांले बाहेर काढलं तेव्हाच. गोंद चमकून राहिला होता."

"मग ऑफिसात सांगितलं का नाही?"

त्याने पेनचं टोपण लावलं. "काम तुमचं. सही तुमची. ते मी कसं सांगू? तुमी सांगा." मग म्हणाला, "मी पण अडवायले पायजे होतं. शिडीच काढून ठेवायले पायजे होती. सही नाही केली अन् बाजूले उभा राह्यलो. त्याले काही अर्थ नाही, मास्तर."

सोमवारी सकाळी मी मोहरील साहेबांच्या टेबलावर जोडाचे दोन्ही तुकडे ठेवले. काय झालं ते सांगितलं. सागवान मी निवडलं, उतार मी कमी केला, वजनाची चाचणी मी होऊ दिली नाही, गोतमारेने तिन्ही वेळा सांगितलं होतं.

साहेबांनी तुकडे उलटसुलट करून पाहिले.

"चाचणी नको, हे तुम्ही माझ्याकडून वदवून घेतलंत."

"हो, सर."

"आणि मी विचारलं नाही." त्यांनी तुकडे खाली ठेवले. "लेखी द्या. तुमच्या फाइलला ठपका लागेल. तो टळणार नाही."

"चालेल, सर. पण ते कॉकपिट भंगारात देऊ नका. एक महिना द्या."

"पुन्हा तुम्हीच करणार?"

"मी करीन. गोतमारे तपासतील. ते नाही म्हणाले तर भंगारात न्यायला मी स्वतः बंडी आणीन."

साहेबांनी महिना दिला. माझ्या बाजूने त्यांनी काही केलं असेल तर एवढंच, आणि ते पुरेसं होतं.

सागवान काढायला एक आठवडा गेला. मग खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यातून काटेसावरीच्या फळ्या आणल्या. हातात घेतल्या तर काही धरल्यासारखं वाटेना. त्यांना किडीचं औषध पाजलं, सावलीत वाळवल्या, दोन्ही बाजूंनी पातळ प्लायवुड चढवलं. उतार एकास बारा. रंध्याने तासताना मला इतका वेळ लागला की विद्यार्थी मागे उभे राहून कंटाळून निघून जायचे. खऱ्या जोडाच्या आधी त्याच गोंदाचे, त्याच लाकडाचे सहा नमुने केले. गोतमारेने ते शिकंज्यात धरून एकेक मोडले आणि प्रत्येकाचं मोडलेलं तोंड उजेडात नेऊन पाहिलं. पहिले दोन त्याने फेकले. "गोंद पातळ हाय." तिसऱ्यापासून लाकूड फाटायला लागलं. सहावा मोडल्यावर म्हणाला, "आता जोडा."

जोडलं. सीट बसवली. वाळूची पोती टाकली, दोन माणसांचं वजन. त्याने दोन दिवसांऐवजी चार दिवस ठेवलं. पाचव्या दिवशी पोती काढली, टोच्याने सगळा जोड टोचला, खाली आडवा पडून बॅटरीने पाहिलं. मग उठून कपडे झटकले आणि वही मागितली.

त्याने सही केली तेव्हा तारखेसाठी मला विचारलं. त्या दिवशी कोणता वार होता हेही मला आठवेना.

आम्ही विंग कमांडर साहेबांना पत्र लिहिलं. येतील असं वाटत नव्हतं. एका दुपारी ते आले, गणवेशाशिवाय, एकटेच, थोडे लंगडत. मोहरील साहेबांना कळायच्या आत ते हॉलमध्ये होते.

"किसने चेक किया?" त्यांनी विचारलं.

गोतमारे पुढे आला. टाचा जुळल्या. जुनी सवय.

"ठीक है?"

"ठीक है, साब."

ते बसले. वीस मिनिटं बसले. आम्ही बाहेर जाऊन उभे राहिलो, कारण आत उभं राहणं बरोबर वाटेना. जाताना त्यांनी गोतमारेशी हात मिळवला आणि मग माझ्याशी. महिनाभराने एक पेटी आली. त्यात जुना थ्रॉटल होता आणि चार खरे डायल. पाठक बाई म्हणाल्या, आता माझे पुठ्ठ्याचे काढा. आम्ही दोन ठेवले, कारण जागा सहा होत्या आणि खरे डायल चारच आले होते.

ते कॉकपिट आमच्या वर्कशॉपमध्ये मी निवृत्त होईपर्यंत होतं. किती मुलं त्यात बसली त्याची मोजदाद नाही. जोड हलला नाही. गोतमारे माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झाला आणि गावी शेतीवर गेला. फाइलमधला ठपका मात्र माझ्याबरोबर शेवटपर्यंत राहिला. एका बढतीच्या वेळी तो वाचून दाखवला गेला आणि ती बढती दुसऱ्याला मिळाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

त्या वर्षापासून मी अभ्यासक्रमात एक बदल केला. नव्या बॅचच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला दोन तुकडे गोंदाने जोडायला द्यायचो. दुसऱ्या दिवशी ते त्यानेच मोडायचे आणि मोडलेलं तोंड मला आणून दाखवायचं. गोंद सुटलेला असला की पुन्हा. काही मुलांचं आठ-दहा वेळा व्हायचं. ती वैतागून विचारायची, "सर, खुर्ची करायला कधी शिकवणार?"

मी म्हणायचो, "तुटलेलं वाचता आलं की."